गोष्टीतली बाई परत गेली नाही

शिरपूर जैन,
५ डिसेंबर २०२४

चि. सायलीले तुह्या जिजाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पाकीट भेटलं. फोनवर धाडू नको म्हनून मीच सांगतलं होतं, कागद हातात असला की वाचाले बरं वाटते. दुपारी बाया मेथीच्या जुड्या बांधाले वावरात बसतात, तवा मी मोठ्यानं वाचते. गोष्ट हजार वर्सांची अन् जपानची, पन तू ती आपल्या बोलीत लिवली, तं ललिताबाई विचारते का हा राजवाडा रिसोडकडे हाय काय.

आता अडचन सांगते. माह्या दिराची, जगदेव भाऊजीची पोरगी शीला, जिच्यासंग तू सुट्ट्याइत बांधावर खेळाची, ते दसऱ्यापासून माहेरी हाय. तिच्या नवऱ्यानं घरात दुसरी बाई आनली. तरी भाऊजी तिले परत धाडाले निघाले. शीला रोज माह्याकडे जुड्या बांधाले येते. अन् तुह्या गोष्टीत बी सरदारानं दुसरी आनली म्हनून त्याची बायको बैलगाडीत बसून डोंगरातल्या मठात निघून गेली. भाऊजी म्हनतात, हे खूळ तुमीच पोरीच्या डोक्यात भरलं. गोष्टीतली बाई परत येत असंन तं वाचा, नाई तं विहिरीचं पानी बंद. विहीर दोघाइची हाय, पन मोटर त्यायची.

शेवटचे कागद लवकर धाड. अंगावर गरम घालत जाय. तिकडे तुले रागावाले आत्या नाई, हे ध्यानात ठेव.

तुही,
जिजाआत्या

क्योतो,
१९ डिसेंबर २०२४

ती. जिजाआत्यास सायलीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी अभ्यासात लक्षच लागलं नाही. इथे अशा जुन्या कथांना मोनोगातारी म्हणतात, म्हणजे गोष्ट सांगणं. त्या काळी दरबारातले शिकलेले पुरुष चिनी भाषेत लिहायचे. बायका घरात बोलायच्या त्याच भाषेत, सोप्या अक्षरांत लिहू लागल्या. त्यांच्या गोष्टी खोट्या, डोकं फिरवणाऱ्या आहेत असं म्हणणारे तेव्हाही होते. म्हणजे तुझ्या भाऊजींची जात जुनी आहे.

थट्टा पुरे. सोबत दोन शेवट पाठवते आहे. निळ्या शाईतला खरा: सरदार बर्फातून मठापर्यंत येतो, ती बाहेर येत नाही आणि तो एकटा परततो. काळ्या शाईतला मी रचला आहे, त्यात ती त्याच्यासोबत घरी जाते. हाताने नकला करायच्या त्या दिवसांत लोक गोष्टीत फेरफार करायचेच. तू काळा वाच. मला तो आवडत नाही, पण पाणी तुटलं तर भर हंगामात तू काय करशील? इतक्या दूर बसून शूर होणं फार सोपं आहे.

शीलाला माझी आठवण सांग. माझ्यावर रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची,
सायली

शिरपूर जैन,
८ जानेवारी २०२५

चि. सायलीले आत्याचे आशीर्वाद. रागात हाय, तरी आशीर्वादच.

तुह्या काळ्या शाईनं मी चूल पेटवली. कागद चांगला जळला. अवं, त्या बाईले परत धाडनारी तू कोन? शीला समोर बसून ऐकते. मी तिच्या तोंडावर खोटं कसं वाचू? पानी तुटलं तं मेथी वाळंन, दुसरी पेरता येते.

सोमवारी मी खरा शेवट काढला. भाऊजी बांधावर येऊन उभे राह्यले. बंद करा म्हने. मी अजून मोठ्यानं वाचलं. मंग त्यायनं जाऊन मोटर बंद केली, पाटाचं पानी थांबलं. बाया खाली पाहून राह्यल्या. तेवढ्यात शीलाची माय, माही जाऊ गोजराबाई, बांधावरून आली. आजवर ते कधी आमच्यात बसली नाई, नवऱ्यापुढे तोंड उघडलं नाई. तिनं जाऊन मोटर चालू केली, लेकीजवळ बसली, हातात जुडी घेतली, अन् मले म्हनली का तो सरदार बर्फात उभा होता, तिथून वाचा.

मी वाचलं. भाऊजी निघून गेले. मोटर चालूच होती.

आता रुसू नको. मी रागावली तरी माही भाची तूच.

जिजाआत्या

शिरपूर जैन,
१० मार्च २०२५

प्रिय सायली, शीलाचा रामराम.

काकूनं तुले सगळं लिवलंच असंन. पन एक गोष्ट कोनी नीट सांगत नाई, म्हनून मी लिवून राह्यली. बाबा म्हनतात, गोष्टीनं पोरगी बिघडली. काकूले बी मनातून वाटते का गोष्टीनं मले धीर देला. दोघाइचाही मले राग येते. मी दसऱ्याले आली, तुह्ये पहिले कागद दिवाळीनंतर आले. त्या घरातून मी निघाली तवा कोनतीच गोष्ट ऐकली नव्हती. मले दिसत होतं अन् मले सहन झालं नाई, एवढंच. तुही गोष्ट मले आवडली, कारन माह्यासारखी बाई पहिले बी होती हे समजलं. पन निघाली मी माह्या पायानं.

वाशीमच्या कोर्टात खावटीचा, म्हंजे पोटगीचा, अर्ज लावला. तारखेले नवरा म्हने, आली तं नांदवतो. मी त्याच्याकडे पाहून सांगतलं का मी येत नाई. बाबा मागच्या बाकावर होते. येतानी एसटीत त्यायनं विचारलं, उद्याच्या बाजाराच्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या काय. मी म्हनलं, अर्ध्या राह्यल्या. रातच्याले ते आमच्यात येऊन बसले, जुड्या बांधल्या. बोलले नाई, पन बांधल्या.

पुढची गोष्ट धाड. काकूचे डोळे दुखतात, आता मी वाचनार हाय.

जीव लावत राह्य, नाई तं तिकडे येऊन भांडीन.

तुही,
शीला