ठमीच्या केकवरची तारीख

अगं,

दुकानात लवकर चाललोय, चहा घेतला नाही. ठमीच्या लग्नाचा केक झालाय. हो, मीच केला. ‘माझ्या भट्टीत होणार नाही’ असं मी म्हणालो होतो, ते सोड आता.

वर तारीख इंग्रजीत हवी, असा त्या मुलाचा निरोप होता. जावयाचा म्हणू का? तर तिथेच माझं डोकं चालेनासं झालंय. दिवस आधी लिहिला तर कॉमा नको, महिना आधी लिहिला तर आकड्यानंतर कॉमा आणि मग साल. दुकानाची पाटी रंगवताना ठमीनेच मला हे समजावलं होतं. की उलटं होतं? मी महिना आधी लिहून बसलोय. त्याच्याही आधी शनिवार लिहिलाय. शनिवारनंतरही कॉमा येतो का? एकदा घातला, खरवडला, पुन्हा घातला. क्रीमचा नुसता चिखल झाला, म्हणून वर साखरेचं फूल चिकटवलंय.

तू तिला विचारून मला सांगू नकोस, माझा आणखी गोंधळ होईल. तिलाच दुकानात पाठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलू दे, नुसतं बोटाने दाखवू दे. आकडा आणि साल यांच्यामध्ये जागा सोडलीय, निळ्या क्रीमची पिशवीही भरून ठेवतो. तिथला कॉमा तिनेच घालावा.

कपाटातला इस्त्रीचा शर्ट शोधत बसू नकोस, मी बरोबर नेलाय. सहजच.

— मी