आपोआप लागणारा ब्रेक

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा! पिंपळीच्या अलीकडे रस्ता मोकळा, माझा पाय ॲक्सिलेटरवर, आणि गाडीने स्वतःच्या मनाने करकचून ब्रेक मारला. द्वारकाची पिशवी पुढे आपटली, डबा पायाशी सांडला. कशासाठी? तर एक मोटरसायकलवाला शेतातून रस्त्यावर येत होता. दिसला होता की मला! एकतीस वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप चालवली, ऊसनोंदीसाठी सगळा इंदापूर तालुका पालथा घातला, चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. आणि हे चार महिन्यांचं यंत्र मला ब्रेक शिकवणार.

मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने काच खाली करून मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता त्याला काय सांगू – ब्रेक मी मारलाच नाही म्हणून?

२५ फेब्रुवारी

सुयोगचा फोन. चिरंजीव हिंजवडीत बसतात आणि गाडीची सगळी चुगली त्यांच्या मोबाइलवर जाते. दिवाळीला गाडी घेऊन दिली तेव्हा हे बोलला नव्हता. म्हणे, "तात्या, महिन्यात नऊ वेळा गाडीनं स्वतः ब्रेक लावलाय. म्हणजे नऊ वेळा तुम्हाला उशीर झाला."

मी म्हटलं, नऊ वेळा ती घाबरली. त्यावर हा – "गाडी खोटं बोलत नाही." म्हणजे बाप बोलतो! शाबास.

मग खरं काय ते बाहेर आलं. त्याच्या आईचं, द्वारकाचं, डायलिसिस सोम-बुध-शुक्र, सणसरहून बारामतीला मीच नेतो-आणतो. त्याला ते नको. त्याच्या सोसायटीजवळ सगळी सोय आहे म्हणे. पाडव्यापासून महिनाभर तो आकडा बघणार. दोनच्या वर गेला की घराला कुलूप आणि आम्ही दोघं पुण्याला, नवव्या मजल्यावर. एवढी वर्षं उसाची मोजणी मी केली, आता माझी मोजणी सुरू झाली.

द्वारका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्पीकरवर सगळं ऐकलं तिने. मागच्या वर्षी आठ दिवस पुण्यात काढले तेव्हा गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे बघत बसायची. परत आल्यावर एकदाच म्हणाली होती, "मला मरायला तितं नेऊ नका." तिचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे इथे आहेत, तिची माणसं इथे आहेत. ती गप्प राहिली की मला जास्त भीती वाटते.

२ मार्च

आज क्रूझ का काय ते लावून बघितलं. सत्तरचा वेग ठरवून द्यायचा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर ती स्वतः राखते. राखते कसलं! पुढे टेम्पो होता. हिने त्याच्यामागे चांगली चाळीस-पन्नास फुटांची जागा सोडली. आपल्याकडे रस्त्यावर एवढी जागा रिकामी ठेवायची म्हणजे आवतण देणंच. आधी दोन मोटरसायकली घुसल्या, ही मागे सरली. मग पिकअप घुसला, ही आणखी मागे. असंच चाललं असतं तर बारामतीऐवजी परत सणसरच आलं असतं.

पुढे गंमत. सगळे एकेक करून वळले, रस्ता मोकळा झाला, तशी बाईसाहेबांनी एकदम उसळी घेतली – थेट शाळेच्या गतिरोधकावर! गतिरोधक तिला दिसतच नाही. दोन्ही चाकं आपटली, द्वारकाचं डोकं वर टेकलं. जे दिसतं त्याला घाबरते आणि जे दिसायला पाहिजे ते दिसत नाही. असल्या माणसाला आम्ही खात्यात शिपाई म्हणूनही ठेवला नसता.

६ मार्च

गाडी दोनदा वाजली, दोनदा ब्रेक लागला. एकदा कुत्रं होतं. एकदा काहीच नव्हतं. काहीच!

११ मार्च

आज तिची अक्कल उघड्यावर आली. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीतून ऊस पाच-सहा फूट बाहेर आलेला, टोकाला लाल चिंधी बांधलेली. सीझन संपत आलाय, म्हणून जो तो कोंबून भरतो. क्रूझ चालू होतं. ट्रॅक्टर सावकाश थांबत गेला, ही त्याच्यामागे सावकाश जात राहिली. पडद्यावर हिरवी खूण, सगळं झकास. हिने अंतर मोजलं ते ट्रॉलीच्या लोखंडापासून! उसाला ती जमेतच धरत नाही. शेंडे बॉनेटवर यायला लागले तेव्हा ब्रेक मी मारला. मी!

सुयोगला मुद्दाम फोन केला. म्हणाला, ते सिस्टीमच्या मर्यादांमध्ये येतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. मग मी ब्रेक मारला ते तुझ्या मोबाइलवर आलं का, असं विचारलं. नाही आलं. ते मोजत नाहीत. म्हणजे ती मारते ते माझ्या नावावर, आणि मी मारतो ते कुणाच्याच नाही.

१९ मार्च, पाडवा

गाडीचा पहिला पाडवा. द्वारकाने मनगटाएवढा जाड झेंडूचा हार करून घेतला, वर साखरेची गाठी. शेजारचा दीपक बांधायला आला होता. त्याने वर, बॉनेटच्या कडेला बांधायला घेतला, तर हिचं सुरू – "खाली घे. आनिक खाली. तितंच, त्या काळ्या पट्टीवर. तारेनं आवळ." आवळला त्याने बिचाऱ्याने, चांगला दुहेरी. त्या पट्टीवर कुंकवाचा स्वस्तिकही काढला तिने, बोटभर जाड.

संध्याकाळी गाडी चालू केली तर समोर एक नारिंगी दिवा आणि इंग्रजीत काहीतरी. चष्मा घरात राहिला होता. या गाडीत गणपतीच्या मंडपापेक्षा जास्त दिवे आहेत, प्रत्येकाकडे कोण बघणार?

२३ मार्च

शुक्रवारी नाही, आजही नाही. एकदाही वाजली नाही, एकदाही ब्रेक मारला नाही. आली वठणीवर!

पण द्वारकाला काय झालंय? एरवी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसणारी बाई. आता तोंडाला खळ नाही. "अहो, म्होरं ट्रॅक्टर हाय बघा." "अहो, ती बाई म्हशी घेऊन निघालीय." "अहो, जरा हळू, लिंबं दिसत्यात का बघू." लिंबं कुठेच नव्हती. म्हटलं, मला डोळे आहेत. तर म्हणते, "व्हय, हायत की."

परतीच्या वाटेवर सुई काढल्यावर तिच्यात जीव उरत नाही, नेहमी मान टाकून झोपते. आता पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून ताठ बसते आणि बोलते. एक भोंगा बंद झाला, दुसरा चालू झाला.

१ एप्रिल

सहा फेऱ्या. ब्रेक शून्य.

द्वारकाची बडबड चालूच. आज चक्क माझ्या हातावर हात मारला – एका शेळीसाठी! चिडलो. नंतर वाईट वाटलं.

८ एप्रिल

सुयोगचा फोन. "तात्या, शून्य! मानलं तुम्हाला." आता मानलं! असंच राहिलं तर पुण्याचा विषय बंद, असं स्वतःच म्हणाला. द्वारकाने देवापुढे साखर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. माझी छाती फुगली हे खरं.

हार वाळून चोथा झालाय. काढायला गेलो तर अडवलं – "पाडव्याचा हाय, ऱ्हाऊ द्या."

११ एप्रिल

सर्व्हिसिंगला गाडी नेली. तिथल्या लखनने पकडीने तार तोडून हार काढला, कुंकू पुसलं, आणि तो नारिंगी दिवा विझला. म्हणाला, "तात्या, पाडव्यापासून म्होरचं बघनारं रडार बंदच व्हतं की. हार बरोबर त्याच्या तोंडावर. मागल्या खेपेला काकी बसल्या व्हत्या हितं, त्यास्नी बोललो व्हतो, ह्या पट्टीवर कायबी बांधू नका म्हनून."

आधी कानकोंडा झालो. मग मनाशी हसलो. द्वारका विसरली असणार, तिला रडार काय आणि पट्टी काय! पण हिशेब बघा – दहा फेऱ्या, गाडी आंधळी, आणि कुठे ओरखडासुद्धा नाही. म्हणजे चालवत कोण होतं? मी! यंत्राशिवाय! सुयोगला मात्र सांगणार नाही. शून्य ते शून्य.

१२ एप्रिल

उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय टेकवत नाही. उद्या दीपकची बायको स्वरूपा गाडी चालवणार. ती मार्केट यार्डला भाजीचा पिकअप नेते, तेवढ्यावर स्वतःला ड्रायव्हर समजते. दोडके वाहणं वेगळं आणि माणसं वाहणं वेगळं. देवाची मर्जी.

१३ एप्रिल, सोमवार

स्वरूपाने चालवली. मी मागे, द्वारका पुढे. वाटेत ट्रॅक्टर, म्हशी, मधेच घुसलेली मोटरसायकल – सगळं होतं. द्वारका एक शब्द बोलली नाही. जाताना पिंपळी यायच्या आतच झोपली, तोंड किंचित उघडं, बाटली मांडीवरून कधी घरंगळली तेही तिला कळलं नाही.

ती काहीही विसरली नव्हती. दहा फेऱ्या ब्रेक तीच लावत होती.

दवाखाना आला तरी तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. स्वरूपाला म्हटलं, पाय बरा झाला तरी चावी तुझ्याकडेच राहू दे.