धुळ्याला न जाणारी गाडी

मेहरूण, जळगाव
आखाजी उलटून आठवडा झाला

तीर्थस्वरूप नाना,

धाकट्या छगनने इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजा. (जरा जपूनच ठेवतो आहे. सध्या डोक्यावर टेंगूळ आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? धुळ्याला तुमच्या देवपुरात नळाला पाणी तरी येतं का? आमच्याकडे सगळं ठीक. ऊन असं आहे की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. प्रमिला बरी आहे, म्हणजे मध्यंतरी माझ्याशी बोलत नव्हती, पण जेवायला वाढत होती. आपली लेक लता पहिल्या बाळंतपणासाठी धरणगावहून लवकरच येईल. आनंदाची गोष्ट आहे, नाना, आणि त्या आनंदापायीच माझ्या आगगाडीवर गदा आली आहे.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, तो पोरखेळ अजून चालू आहे का. आहे. तेलगिरणीत दिवसभर मान मोडून आलेल्या माणसाने संध्याकाळी पत्ते कुटले तर कुणी काही म्हणत नाही, पण त्याने आगगाडी केली की सगळ्यांच्या पोटात दुखतं. तुम्ही ती पाहिलेली नाही म्हणून सांगतो. आमची खोली दीड. (अर्धीत स्वयंपाक.) तेव्हा पलंगाच्या वर, छातीइतक्या उंचीवर, भिंतींना टेकवून एक लांब फळी ठोकली आहे आणि तिच्यावर आपली पाचोरा-जामनेरची छोटी गाडी. मोठ्या लाइनची करायची तर वळण घ्यायला शेजारच्या रतिलालशेठच्या मोरीतून जावं लागलं असतं. छोट्या गाडीचं बरं, ती ताटाएवढ्या जागेत वळते. रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे, स्लीपर खराट्याचे, झाडं घोसाळ्याच्या जाळीची, इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, आणि डबे तुपाच्या डब्यांच्या पत्र्याचे, आमच्या गल्लीतल्या इसाकभाई पत्रेवाल्याने कापून, डाग देऊन जोडलेले. एका टोकाला पाचोरा, दुसऱ्या टोकाला जामनेर. (जामनेर खरं म्हणजे पूर्वेला, पण तिकडे प्रमिलाचं कपाट आहे, म्हणून मी ते पश्चिमेच्या भिंतीला नेलं.) आणि मध्ये, कोपऱ्यात, आपण वाढलो तो हॉल्ट. आबांचं क्वार्टर, चिंच, पाण्याची टाकी, फलाटावर एक बाक. आबा गार्डाच्या डब्यातून हिरवं निशाण हलवत जायचे आणि माय ओट्यावरून हात करायची, तो ओटासुद्धा केला आहे. माणूस मात्र एकही नाही. बोटभर माणसं मला जमत नाहीत, तोंडं भलतीच होतात.

तर लता येणार म्हटल्यावर प्रमिलाचं फर्मान निघालं की पाळणा टांगायला जागा हवी, तेव्हा आखाजी झाली की फळी उतरवायची आणि गाडी मोडायची. टेंगूळ त्या वादातलं. (मी रागाने ताडकन उठून उभा राहिलो, आणि वर जामनेर होतं.) शेवटी मी हो म्हटलं. बाळापुढे आगगाडी काय घेऊन बसायचं! पण खरं सांगतो, नाना, जीव तुटत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरायची. तुम्ही भरत नाही, ते पाणी एखाद्या झाडाला घाला म्हणता. तुम्ही विज्ञानाचे मास्तर, तुमचं बरोबर असेल. आम्ही भरतो. यंदा आदल्या दिवशी वावटळ उठली आणि गच्चीवरच्या कुरडया, पापड, मिरच्या, सगळं खोलीत आणून पसरावं लागलं. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, मग घागर ठेवायची कुठे? तिला कुणाचा पाय लागता कामा नये. प्रमिलाने खोलीभर नजर फिरवली आणि घागर नेऊन ठेवली ती थेट आपल्या हॉल्टवर, फलाटावर, बाकाला लागून. वर डांगराचं फळ, दोन आंबे, सांजोऱ्या. मी म्हटलं, अगं, फळी वाकेल. तर म्हणते, जाता जाता तुमच्या गाडीचा घराला काही उपयोग होऊ द्या. मग उंबऱ्यावर ओढायची ती कुंकवाची बोटं मी फलाटाच्या कडेवर ओढली आणि एकेकाचं नाव घेऊन पितरांना बोलावलं. लोटनआजोबा या, झुलालआबा या, माय भिकुबाई या. चूक झाली ती इथे. घरात बोलावलेली माणसं घरात येतात. फलाटावर उभं राहून नावं पुकारली तर ती कशाने येणार, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी घागर उतरवली, पाणी तुळशीला घातलं आणि दुपारी मी गाडी शेवटची म्हणून चालवायला घेतली. खिडकीला ओलं गोणपाट होतं, बाहेर अगदी सामसूम, प्रमिला पापडांच्या राशीत पेंगत होती. गाडी पाचोऱ्याहून निघाली, वळणावर नेहमीसारखी कुरकुरली आणि हॉल्टवर येऊन उभी राहिली. मी बटणाला हात लावलेला नव्हता. दिवे जळत होते, मोटर गरम नव्हती, तार सुटलेली नव्हती. आबा जेवढा वेळ उभी ठेवायचे तेवढा वेळ उभी राहिली आणि आपली आपण निघाली. येताना पुन्हा तेच. मी वीज देणारा एलिमिनेटर बदलला, रूळ घासून पुसले, शेवटी हॉल्टचं क्वार्टर, टाकी, बाक सगळं उचलून बाजूला ठेवलं. गाडी त्या मोकळ्या जागेत येऊन थांबली. मी सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवून दिलं, कारण तसं मोकळं बघवेना.

आणखी एक. फलाटावर घागरीच्या बुडाचा ओला गोल उमटला होता. आपल्याकडे वैशाखात धोतर दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हा गोल वाळेना. फडक्याने पुसला. चहा पिऊन आलो तर पुन्हा होता, तेवढाच, त्याच जागी. मी फळीखाली वाकून पाहिलं, वर छताला भोक आहे का पाहिलं. (पाऊस नाही, पाणी नाही, आणि मी गळकी जागा शोधतोय! प्रमिला तेव्हा पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली, डोक्याला मार जास्त लागला का?) मग तिने स्वतः पुसून पाहिला. नंतर फडकं दोरीवर टाकलं आणि देवापुढे दिवा लावला.

मी इसाकभाईला बोलावलं. त्याने डबे एकेक करून उचलून पाहिले, चाकांना तेल सोडलं, आणि शेवटचा डबा उचलला तो अर्ध्यातूनच हळूच खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा. ‘छगनभाऊ, इसमें कोई बैठेला है,’ एवढंच म्हणाला, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून गेला. अजान त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली.

प्रमिलाने मात्र पदर खोचला. तिचं म्हणणं, पाहुणे आपण बोलावले आणि निरोप कुणी दिला नाही, मग ते जातील कसे? तिने फलाटावर सांजोऱ्यांची शिदोरी ठेवली, हात जोडले आणि सगळ्यांना नीट जा म्हणून सांगितलं. (लोटनआजोबांसाठी तंबाखूची चिमूट वेगळी ठेवावी लागली. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.) गाडी सोडली. पहिले दोन डबे लगेच पूर्वीसारखे मोकळे खडखडायला लागले. तिसरा नाही. तो तसाच जड, रुळाला दाबून चालणारा. त्याच्या खिडक्यांना मी जिलेटीनचा कागद लावला आहे, तो आतून धुरकट झाला होता, कुणी तोंड लावून बाहेर बघत बसावं तसा. आणि खोलीत मिसरीचा वास. आमच्याकडे मिसरी कोणी लावत नाही, नाना. मायच लावायची.

मला भीती वाटली. स्वतःच्या मायची भीती वाटली म्हणायला लाज वाटते, पण वाटली. आणि प्रमिला, जी महिनाभर फळी उतरवा म्हणून माझं डोकं खात होती, तिने फळीपुढे उभं राहून मला बजावलं की सासूबाई आत बसलेल्या असताना कोणी हातोडीला हात लावायचा नाही. म्हणजे बघा, लता येणार म्हणून गाडी मोडायची, आणि माय उतरत नाही म्हणून मोडता येत नाही. पाळणा टांगायचा कुठे?

मग मला सुचलं की मायला कुठे उतरायचं ते विचारावं. आबा पुकारायचे तसा मी एकेक स्टेशन पुकारत गेलो. वरखेडी. पिंपळगाव. शेंदुर्णी. पहूर. गाडी हॉल्टवर ढिम्म. मामांकडे जायचं का? गाडी ढिम्म. मुक्ताईच्या दर्शनाला? ढिम्मच. उकाड्याने जीव नकोसा झालेला, मी वैतागून म्हटलं, मग काय आता धुळ्याला जायचंय? आणि गाडी निघाली. बटण बंद होतं, नाना, माझे दोन्ही हात कमरेवर होते. ती सरळ जामनेरच्या टोकापर्यंत गेली, धुळ्याच्या बाजूच्या त्या पश्चिमेच्या भिंतीला टेकली आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली. कितीतरी वेळ. प्रमिला रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

तुमचं देवपूरचं घर बांधून होत आलं तेव्हा मायने गाठोडं बांधून ठेवलं होतं, आठवतं का? येईल-जाईल त्याला सांगायची, एकदाव नानानं घर देखसू. एवढं एकदा तुमचं घर बघायचं होतं तिला. वास्तुशांतीच्या आधीच ती गेली. तिला आगगाडी एकच माहीत, आबांची. ती धुळ्याला जात नाही हे तिला कुणी कधी सांगितलंच नसणार, आणि आता सांगायचं कुणी? मी सांगणार नाही. आमच्याकडे दरवर्षी घागर भरली जाते म्हणून ती आमच्याकडे येते. तुमच्याकडे तिला नाव घेऊन कोणी बोलावत नाही, आणि बोलावल्याशिवाय ती जाणारी नव्हे. यात तुम्हाला बोल लावत नाही, जे झालं ते कळवतो आहे.

वहिनींना नमस्कार. दम्याला अडुळशाचा काढा घ्या, पंख्याखाली झोपू नका.

तुमचा धाकटा,
छगन

ता. क. पत्र नुसतं खुशालीचं आहे, काही मागायला लिहिलेलं नाही. पण विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, रविवारी इसाकभाईचा भाचा टेम्पो घेऊन धुळ्याला येतो आहे. त्यात फळी, गाडी, स्टेशनं सगळं पाठवतो. मायला तुमच्याकडे पोचवायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. तुमची माडीवरची खोली रिकामीच असते. (जिन्यात फळी वळणार नाही, खिडकीतून घ्या.)

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी इसाकभाई आला होता. धीर करून त्याने तिसरा डबा उलटा केला, तर आसाला कापसाचा धागा गुंडाळलेला निघाला. धागा काढला. आता गाडी कुठेच थांबत नाही, डबा पिसासारखा हलका झाला आहे, फलाटही वाळला. तेव्हा वर लिहिलेलं सगळं त्या धाग्याचं काम असेल, तुम्ही मनावर घेऊ नका. माडीवरची खोली मात्र उघडून ठेवा, कारण लता येतेच आहे.

तिसरा ता. क. हे प्रमिला लिहायला सांगते आहे. ती म्हणते, डबा धागा काढल्यामुळे हलका झालेला नाही. मला म्हणते, तुम्ही पत्र लिहायला बसलात, वर नानांचं नाव घातलंत, ते सासूबाईंनी पाहिलं आणि त्या उतरून पुढे निघाल्या. असेलही, नाना. माय पायी चालायला कधी कंटाळली नाही. तुम्ही तुमचं विज्ञान खुशाल धरून बसा, घागर भरू नका, काही करू नका. फक्त एखाद्या दुपारी दाराबाहेरून कुणी ‘नाना, घरमा शे का?’ असं विचारलं, तर उठून न बघता नुसतं ‘शे’ म्हणा. हो म्हटल्याशिवाय ती कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे.