ब्रिटासाठी धरलेली जागा

ओटर फॉल्स, मिनेसोटा
२ जानेवारी, शुक्रवार

प्रिय ब्रिटा,

नवीन वर्षाच्या खूप शुभेच्छा. तू सुखरूप पोचलीस आणि लगेच इंगामावशीच्या बेकरीत कामालाही लागलीस, हे तिच्याकडून कळलं. फोनवर म्हणत होती, "तुझी लेक पहाटे उठून पीठ मळते, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. घरून काय करून पाठवलंस गं तिला?" मी म्हटलं, परीक्षेचा शीण असेल. तिला ते पटलं नाही.

इकडे थंडी कडाक्याची आहे. काल गाडी सुरूच होईना. शेजारचे टोल्फसन आपल्या गाडीतून वायर लावून बॅटरी जागी करायला आले आणि बॉनेटमधून डोकं काढून म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट आहे की गेला?" सगळं गावच आता मला असं चिडवतं. क्लिनिकच्या काउंटरवर अर्धं आयुष्य काढलेली बाई चव्वेचाळीसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघाली, याची लोकांना मौज वाटते, थोडा अभिमानही वाटतो. मी हसले. पण घरात येऊन बराच वेळ कोटही न काढता बसून राहिले.

तुझे हिरवे हातमोजे इथेच राहिलेत. पाठवते.

गुरुवारच्या तुझ्या भेटीबद्दल लिहायचं होतं. प्री-मेड, म्हणजे डॉक्टरकीच्या आधीचा सगळा अभ्यासक्रमच सोडून देते, असं तू कॉलेजात मिसेस अबर्नेथींना सांगणार आहेस. त्या चांगल्या सल्लागार आहेत, पण समोरच्याने ठरवलंय असं दिसलं की त्या वाद घालत नाहीत, सही करून देतात. म्हणून त्याआधी थोडा विचार कर. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी-मायनस मिळाल्याने कुणाचं डॉक्टर होणं थांबत नाही. विषय पुन्हा घेता येतो. मेडिकल कॉलेजं दोन्ही वेळचे गुण पाहतात हे खरं, पण सावरलेला विद्यार्थीही त्यांना दिसतो. फिजिक्स एक वर्ष पुढे ढकल. पदवीनंतर वर्षभर थांबून अर्ज करणारी मुलं हल्ली कितीतरी आहेत.

वरचं सगळं खरं आहे. पण हे सांगायला मी पत्र लिहायला बसले नव्हते.

(शनिवार सकाळ. काल इथे थांबले. कपडे धुतले, स्वच्छच असलेला ओव्हन घासला. आता पुढे.)

नाताळच्या जेवणाच्या वेळी तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. मी तुझ्या वाडग्यात सूप वाढत होते. इंगा नेहमीसारखी चिडवत होती, "लोकांच्या फ्रिजवर फोटो असतात, तुमच्याकडे वेळापत्रकं." सगळे हसले. तूही हसलीस आणि मग अगदी शांतपणे म्हणालीस, "मावशी, आईला ज्या विषयात 'ए' मिळाला, त्यात मी कशीबशी पास झाले. तिने नोकरी करून, घर सांभाळून केलं. मी विशीत आहे आणि मला जमलं नाही. माझ्यातच नाही ते."

माझं तेव्हा बोलायचं काम होतं. मी विचारलं, "सूप अजून कुणाला हवंय?"

ब्रिटा, तुला एप्रिलमधली कॉलेजच्या विषयांची नोंदणी आठवते का?

आपण दोघींनी मिळून आखलं होतं. या वर्षी ऑरगॅनिक तू घ्यायचंस, पुढच्या वर्षी मी. तुझ्यासाठी डॉ. पेट्राकिसांची सकाळची तुकडी, कारण ते सर्वांत वाईट गेलेली एक परीक्षा धरत नाहीत आणि चुका घेऊन येणाऱ्याला तासभर समजावत बसतात. डॉ. थॉर्नक्विस्टांची दुपारची तुकडी टाळायची, कारण तिथे कितीही मुलांनी चांगलं लिहिलं तरी 'ए' ठरावीक जणांनाच मिळतो. शिवाय ती तुझ्या जीवशास्त्राच्या लॅबवर येत होती. आणि ऑरगॅनिकच्या सत्रात दुसरं काही जड घ्यायचं नाही, हा नियम तर तू शाळेत असल्यापासून मी तुला घोकवत आले.

ज्याचे क्रेडिट जास्त त्याची पाळी आधी; माझ्या इतिहासाच्या जुन्या पदवीचेही मोजले गेल्यामुळे माझी नोंदणी तुझ्याआधी उघडायची. म्हणून युक्ती तूच काढलीस. वसतिगृहातली सगळी मुलं करतात तीच. "आई, तू सोमवारी पेट्राकिसांकडे जागा धरून ठेव. गुरुवारी माझी पाळी आली की तू सोडायची आणि मी त्याच क्षणी उचलायची." मी म्हटलं होतं, "अगं, आपण बँक लुटतोय का?" तू खूप हसली होतीस.

सोमवारी मी जागा धरली. वर्गाच्या यादीत माझं नाव आलं.

तीन दिवस मी ते नाव उघडून उघडून पाहत होते. सुरुवातीला नुसतं बरं वाटायचं. मग हिशेब सुरू झाले. एक वर्ष थांबायचं म्हणजे सगळंच एक वर्ष पुढे. मी डॉक्टर होईन तेव्हा किती वर्षांची असेन? ब्रिटा तरुण आहे, हुशार आहे, ती कुठल्याही तुकडीत निभावेल. असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की गुरुवार येईपर्यंत ते मला तुझं कौतुकच वाटायला लागलं होतं.

गुरुवारी तुझा फोन आला. "आई, मी तयार आहे. सोडलीस?"

मी म्हटलं, "सोडली."

"अगं, भरलेलीच दाखवतंय."

"वेटिंगवरच्या कुणीतरी पटकन घेतली असेल गं. कॉम्प्युटर आपोआप देऊन टाकतो त्यांना."

मी सोडली नव्हती. माझा हात त्या बटणाकडे गेलासुद्धा नव्हता.

तू म्हणालीस, "जाऊ दे आई, तुझी काय चूक त्यात." माझीच समजूत काढलीस तू.

मग ऑगस्टमध्ये मी दुसरं खोटं बोलले. कुणीतरी सोडली म्हणून आयत्या वेळी मला पेट्राकिसांकडे जागा मिळाली, असं सांगितलं. तुझं वेळापत्रक तोवर पक्कं झालं होतं. थॉर्नक्विस्टांची तुकडी, रात्रीवर ढकललेली जीवशास्त्राची लॅब, त्यामुळे वृद्धाश्रमातलं तुझं काम शनिवार-रविवार पहाटे. तरी तू ओरडलीस, "घे, घे आई! निदान आपल्यापैकी एकीला तरी." मैत्रिणींना माझी ओळख करून देताना तू म्हणायचीस, "ही माझी आई, माझ्याच विषयाला आहे," तेव्हा मला तुझ्याकडे बघवायचं नाही.

सबंध सत्रभर तू माझी उजळणी घेतलीस. मी प्रक्रिया तोंडपाठ म्हणायचे, तू कार्ड धरून बसायचीस, आणि तुझे डोळे मिटत असायचे. एकदा मी म्हटलं, "झोप आता." तू म्हणालीस, "तुझी परीक्षा आधी आहे ना?" त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. मी पुढचं कार्ड मागितलं.

तेव्हा आता नीट ऐक. तुला मिळालेला सी-मायनस आणि मला मिळालेला 'ए' एकमेकांशेजारी ठेवून तू स्वतःबद्दल जे ठरवलंस, ते चुकीच्या माहितीवर ठरवलंस. माझ्या पहिल्या परीक्षेत मला तुझ्यापेक्षा कमी गुण होते. ती परीक्षा धरलीच गेली नाही. ती तुला मी कधी दाखवली नव्हती. पुढच्या परीक्षांना मी ताजी होऊन जायचे आणि तू रात्रीची लॅब आणि शनिवार-रविवारचं काम उरकून, दमलेली जायचीस.

मी सगळं सोडून द्यावं का, असा विचार केला. खरंच केला. पण त्यात मला पुन्हा तीच लबाडी दिसते. मी सोडलं की तू माझं सांत्वन करायला धावशील आणि रागवायचं राहून जाईल. मिसेस अबर्नेथींना मी काहीही कळवलेलं नाही. हे तुझं आहे, कुणाला सांगायचं ते तू ठरव. मी सांगितलं पाहिजे असं वाटलं, तर तसं म्हण. मी जाऊन सांगेन.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. तुझा आवाज ऐकला की मी काहीतरी गोड बोलून सुटते, हे मला आता ठाऊक झालंय. तू "जाऊ दे आई" म्हणशील याचीही भीती होती. यावेळी जाऊ देऊ नकोस.

गुरुवारी मिसेस अबर्नेथींकडे जा. डॉक्टर व्हायचं नाही असं तुला मनापासून वाटत असेल, तर ते तसं सांग आणि सही घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण "माझ्यातच नाही ते" हे कारण देऊ नकोस. ते कारण मी तयार केलेलं आहे. माझ्यावर चिडायचं असेल तितकं चीड, घरी यायचं नसेल तर इंगाकडेच राहा, तुला मी कारण विचारणार नाही, आणि तिने मला विचारलं तर खरं तेच सांगेन.

उत्तराची वाट पाहते असं लिहायचा मला हक्क नाही. तरी पाहते.

तुझ्याच जागेवर बसून पास झालेली,
तुझी आई
मारिट