लाल झेंड्यांच्या ओळी

शिरूर कासार,
७ डिसेंबर

प्रिय अंजू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो. आई बरी आहे, मेंढरं बरी आहेत आणि तुझा हा थोरला भाऊही धडधाकट आहे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तुझं अर्धं सांगून झालेलं असतं आणि माझं घशातच राहतं. गेले दोन रविवार तसंच झालं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला. दहावीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

ज्वारी पोटऱ्यात आली आहे, कणसं बाहेर पडायचीच बाकी. थंडीही यंदा वेळेवर पडली. आईचा गुडघा कुरकुरतो, पण रोज रानात चक्कर मारल्याशिवाय तिला भाकर गोड लागत नाही. बारा ओळींची छोटीशी पट्टी, पण ती अशी राखते की चिमणीची हिंमत होत नाही.

तुझ्या त्या आकाशातल्या प्रयोगशाळेचं मला अजून नीट उमगलेलं नाही, हे आज कबूल करतो. फोनवर मी नुसता 'हां, हां' म्हणत गेलो. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू पाण्याची रिकामी टाकी आडवी पाडून दाखवली होतीस. अशी आडवी गोल खोली, आत चारी बाजूंनी कपाटं, माणसं तरंगत कामं करतात आणि एका कपाटात जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत आपल्या रानातली ज्वारी. दीड तासात पृथ्वीला एक फेरी, दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणालीस. आईनं लगेच विचारलं, "मग तिथं उपास कवा सोडायचा?" तू हसलीस, पण मला तो प्रश्न रास्त वाटला. वर-खाली काहीच नसेल तर बी मुळं कुठं सोडणार, हे मी मेंढरांमागं हिंडताना कितीतरी दिवस घोळवत होतो. मग तू सांगितलंस की बी तिथं पेरायचं नाही, पाच महिने नुसतं ठेवायचं. मी आणखीच चक्रावलो. नुसतं ठेवायचं तर आपली कणगी काय वाईट होती?

तू कळवलेल्या वेळेला आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो होतो. दिवस नुकताच मावळला होता. पश्चिमेकडून तो ठिपका आला, न लुकलुकता सरळ डोक्यावरून निघून गेला. आईनं पदर सावरून हात जोडले आणि म्हणाली, "आपली जवार हाय व्हय त्यात? तिला कोन बघतंय तिथं?" तू बीडच्या वसतिगृहात गेलीस त्या वर्षी ती तुझ्याबद्दल हेच विचारायची.

श्रावणात तुझ्या दोन पिशव्या आल्या. लाल पट्टीची वर जाऊन आलेली, निळ्या पट्टीची तुमच्याकडं बंगळुरातच राहिलेली. उत्तरा नक्षत्रात पेर, सहा ओळी लाल, सहा निळ्या, पाणी दोन्हींना सारखं, दर रविवारी उंची कळव, असं तू दहादा बजावलंस. मी विचारलं, वर गेलेलं पेरायचं ते समजलं, राहिलेलं कशाला पेरायचं? तू म्हणालीस, "दादा, खाली राहिलेलं नसलं तर वर गेलेल्याचं काय झालं ते कळतच न्हाई." एवढं मात्र मला एका फटक्यात समजलं. आबांचा पाय अधू झाला त्या वर्षी मी दहावीला होतो आणि तू पाचवीला. मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं होतं. मी गेलो, तू शाळेत राहिलीस. त्याचं मला वाईट वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. थोडं वाटतं.

आता ऐक. पेरणीच्या दिवशी बघतो तर एका पिशवीत आईची मिसरी, दुसरीत तीळ. बी कुठं आहे म्हटल्यावर तिनं गाडगं पुढं केलं. श्रावणातच तिनं दोन्ही पिशव्या फोडून, बी राखेत कालवून, कडुलिंबाचा पाला घालून एकत्र भरलं होतं, सोंडेकिडे लागू नयेत म्हणून. आपल्याकडं बी असंच ठेवतात, तिनं जन्मात दुसरी रीत पाहिली नाही. मी डोक्याला हात लावला तर मलाच म्हणाली, "एकाच कणगीतलं बी हाय. एक लांबून आलंय म्हून येगळं ठिवायचं? कावून?"

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. फोनही लावला होता. तू म्हणालीस, प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडम विचारतायत पेरणी झाली का, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, झाली. मग तेच बी अर्धंअर्धं करून पेरलं, सहा ओळींवर लाल झेंडे लावले, सहांवर निळे. म्हटलं, दोन्ही सारखीच येतील, तू म्हणशील काही फरक नाही आणि विषय मिटेल. पण लाल ओळी वाढल्या. कार्तिकात चांगल्या चार बोटं वर होत्या. मी पट्टी लावून मोजलं तेच कळवलं, त्यात खोटं काही नाही. तू फोनवर किंचाळलीस, "दादा, वर जाऊन आलेलं बी लई जोमात हाय!" तुझा एवढा आनंद मी तुला नोकरी लागली त्या दिवशीही ऐकला नव्हता. आई तर म्हणते, तिनं राख लावली म्हणून. आणि आता एकवीस तारखेला तू मॅडमना घेऊन येणार, फोटो काढणार, त्यावर लेख लिहिणार.

परवा मी त्या ओळींच्या मधोमध उभा राहिलो आणि माझंच डोकं चालेना. बी एकच, माती एकच, उन्हाळ्यात खतासाठी मेंढरंही दोन्हीकडं सारखीच बसवली होती. मग फरक कशाचा? तेवढ्यात पाणी घालायची वेळ झाली आणि मला माझाच हात दिसला. लाल झेंड्यापाशी घागर जरा जास्त वेळ तिरपी राहत होती. ठरवून नाही, अंजे, देवाशपथ. पण पेरल्यापासून रोज. झेंडा मीच लावलेला, बी कालवलेलं मला ठाऊक, तरीही. वर जाऊन आलेलं बी जोरातच निघावं, असं मला वाटत होतं. ते साधंच निघालं असतं, तर मी खाली राहिलो ते कशासाठी?

हे सांगायला पत्र लिहिलं. गाडग्यात ओंजळभर बी उरलंय, पण तेही कालवलेलंच, तुझ्या उपयोगाचं नाही. तुझ्या बियाची पाच महिन्यांची फेरी आम्ही मायलेकांनी राखेत आणि पाण्यात घालवली. रागवायचं तर माझ्यावर रागव, आईला काही बोलू नकोस. मॅडमना आणू नकोस, किंवा आण आणि त्यांना खरं सांग. तुझ्या नावाखाली माझी घागर छापून येऊ नये, एवढंच. तू मात्र ये. कणसं भरली की दोन्ही झेंड्यांखालचा हुरडा एकाच आगटीत भाजू. आणि आणखी एक सांगून टाकतो. कालपासून मी निळ्या ओळींना जास्त पाणी घालतोय. तेही चूकच, हे मला कळतंय.

तुझाच,
नाथादादा