राज्याची बरणी

३ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: मुलीचं टेबल (डुगडुगतं, पण दोष फरशीचा), दाराची घंटा, चपलांचा स्टँड आणि आता राज्याच्या कर्जाचं हे पाण्यावर चालणारं मॉडेल. वरची टाकी म्हणजे राज्य, खालची आमची नगरपालिका. राज्य सहा टक्क्यांनी पैसा उचलतं, आम्हाला सातने देतं. मधला एक टक्का थेंबाथेंबाने काचेच्या बरणीत. ही राज्याची कमाई. शिवाय प्रक्रिया शुल्काचा एक पेला आधीच काढून घेतात. आमचे हप्ते मोटरने परत वर, तिथून पुढच्या गावाला कर्ज. पालिकेच्या पंपहाउसमध्ये शिकाऊ उमेदवारी केली, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, तरी समजलं. पालिकेच्या सभेत दाखवलं की नव्या पाइपलाइनच्या कर्जावरचं शुल्क माफ होणारच.

९ मार्च
मोटर घरचीच काढून लावली. दोन दिवसांचा प्रश्न. बायको म्हणाली, राज्याच्या टाकीत पाणी चढतंय, आपल्या कधी चढायचं?

१५ मार्च
बायको खालून बादल्या आणते. तेवढाच व्यायाम. मेहुणा विचारून गेला, दाजी, यात मासे कधी सोडताय? अडाणी माणूस. त्याच्याशी बोलणं बंद.

१६ मार्च
मेहुण्याला बोलावलं. मॉडेल एकट्याला उचलत नाही.

१७ मार्च, सभेनंतर
खालच्या टाकीचा सांधा सुटला. बरणी नेमकी त्याखाली. पालिकेचं सगळं पाणी राज्याच्या बरणीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, आत्ता कुठे नीट कळलं हो! हशा. मोटर कोरडी फिरून जळाली. कर्ज मंजूर, शुल्कासकट. राज्याचे कर्जअधिकारी तेवढे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन बोलले. माझ्या मते एक सांधा सोडल्यास सादरीकरण उत्तम.

२० मार्च
नवी मोटर चार हजार आठशेला. मेहुणा दुकानात विचारून आला. मग बायकोने विचारलं, ते साहेब बाजूला घेऊन काय म्हणत होते? सांगावं लागलं. त्यांना मॉडेल हवं होतं, ऑफिसात नव्या लोकांना शिकवायला. पण गळतं तसंच. म्हणाले, सांध्याला हात लावू नका. मी स्पष्ट सांगितलं, सदोष वस्तू माझ्या हातून बाहेर जात नाही.
बायकोने रिकामी बादली माझ्या हातात दिली.
साहेब देत होते पाच हजार. रोख.