माकडाचा बंदोबस्त

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
वन विभागाने जिन्यात पत्रक लावलं. उपद्रवी माकड दिसल्यास खायला देऊ नका, स्वतः काही करू नका, या नंबरवर कळवा. हसू आलं. बावीस वर्षं गोदामात सुपरवायझर होतो, भलेभले सरळ केले. माकड म्हणजे काय! सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने पत्रक काढून खिशात ठेवलं. लोकांना ऊठसूट फोन करायची खोड लागते.

४ मार्च
माकडाने दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची पिशवी हिसकावली. बाई रडकुंडीला. नंबर मागत होत्या. आठवडाभरात बंदोबस्त करतो म्हणालो. बायको म्हणाली, एक फोन करायला हात झडतात का? दुर्लक्ष केलं.

६ मार्च
गच्चीत पिंजरा लावला. आत डझनभर केळी. माकडाने बाहेरून हात घालून सगळी खाल्ली आणि पिंजऱ्यावरच झोपलं. डिझाइन उत्तम. माकडाचं सहकार्य नाही.

७ मार्च
कालच्यासारखंच बरोबर साडेसातला आलं. म्हणजे शिस्त लागतेय. आज सोबत आणखी तिघं होती.

८ मार्च
माकड अंगावर धावलं म्हणून शिक्षिकाबाईंच्या आई जिन्यात पडल्या. मनगट मोडलं. पत्रक माझ्या खिशातच होतं. ती पँट धुवायला टाकली.

९ मार्च, रविवार
नजरेला नजर भिडवायची, असं ठरवलं. भिडवली. दंडाला सहा टाके. इंजेक्शनं वेगळी. डॉक्टरांनी विचारलं, वन विभागाला कळवलंत? विषय विचाराधीन आहे म्हणालो.

११ मार्च
बायकोने परस्पर फोन केला. धुण्याआधी ती खिसे तपासते, हे मला माहीत नव्हतं. वनरक्षक बाई आल्या. चाळीस मिनिटांत माकड जाळीत. सोबतची तिघं पळाली. बाईंनी विचारलं, याला खायला कोण घालत होतं? अख्ख्या सोसायटीने माझ्याकडे पाहिलं. एकी फक्त अशा वेळी दिसते.

१६ मार्च, रविवार
सभा. तक्रार वेळेवर का करावी, यावर बायको बोलली. टाळ्या. नवी सेक्रेटरीही तीच, एकमताने. मी तटस्थ होतो. कोणी मोजलं नाही. नंतर खुर्च्या उचलायचं काम स्वतःहून घेतलं, म्हणजे तिने सांगितल्यावर. एका हाताने अकरा उचलल्या. बाराव्या खुर्चीवर शिक्षिकाबाईंच्या आई, प्लास्टर मांडीवर घेऊन. उठेनात. म्हणाल्या, आधी सॉरी म्हणा.
विषयपत्रिकेत नव्हतं.
म्हणालो.